ट्रायथलॉनच्या सायकलमार्गावरील स्वयंसेवा

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार मध्ये न थांबता एकापाठोपाठ एक पूर्ण करावयाच्या स्पर्धेस ट्रायथलॉन असे म्हणतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा शब्द आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नव्हता. आज मात्र आपल्या धर्मग्रामांतील अनेक तरुण-तरुणी, आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले काही उत्साही प्रौढही, या खेळाकडे वळत आहेत. गोव्यात पणजीजवळील मिरामार किनाऱ्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी ‘आयर्नमॅन ७०.३’ ही स्पर्धा प्रथमच भरविण्यात आली. कोविडच्या महामारीमुळे २०२० व २०२१ साली खंड पडला आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातही लहानमोठ्या अंतराच्या ट्रायथलॉन होत असतात.

अशा स्पर्धांची छायाचित्रे प्रसिद्ध होतात ती बहुधा समुद्रात झेपावणाऱ्या किंवा अंतिम रेषा ओलांडणाऱ्या स्पर्धकांची. या दोहोंच्या मध्ये सायकलचा सर्वांत लांब टप्पा असतो आणि त्या वाटेवर पहाटेपासून शेकडो माणसे उभी असतात. ती स्पर्धक नसतात आणि पगारी नोकरही नसतात. आमच्यापैकी काहींनी हे काम केले आहे. अनेक युवक आम्हांला विचारतात, “तिथे नुसते उभेच तर राहायचे ना?” त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देण्यासाठी हा लेख आहे.

स्पर्धेचे स्वरूप

आधुनिक ट्रायथलॉनचा प्रारंभ २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन दिएगो येथील मिशन बे येथे झाला असे मानले जाते. त्या स्पर्धेत जॉन व ज्यूडी कॉलिन्स हे दांपत्य सहभागी झाले होते. पुढे याच दांपत्याच्या कल्पनेतून १९७८ साली हवाई बेटांवर पहिली ‘आयर्नमॅन’ स्पर्धा झाली. तिच्यात १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये ट्रायथलॉनला स्थान मिळाले. ऑलिम्पिक अंतराच्या स्पर्धेत दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. गोव्यातील स्पर्धेत ही अंतरे अनुक्रमे १.९, ९० आणि २१.१ किलोमीटर आहेत. त्यांची मैलांतील बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव.

१९७८ च्या त्या पहिल्या आयर्नमॅनची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्या वेळी प्रत्येक स्पर्धकाने आपले मदतनीस आपणच आणावयाचे, अशी पद्धत होती. दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या जॉन डनबार यांच्या मदतनीसांजवळचे पाणी धावण्याच्या टप्प्यात संपले आणि त्यांनी त्यांना चक्क बिअर पाजली, असे सांगितले जाते. आज ही कथा हसण्यावारी नेली जाते. परंतु तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. आता अशा स्पर्धांत बाहेरच्या व्यक्तीकडून मदत घेण्यास मनाई असते. पत्नीने कडेला उभे राहून पतीला पाण्याची बाटली दिली तरी तो नियमभंग ठरू शकतो. साहजिकच स्पर्धकाचा सारा भार अधिकृत स्वयंसेवकांवर येतो. स्वयंसेवकांकडील पाणी संपले, तर त्याला दुसरा आधार नसतो.

सायकलचा टप्पाच का कठीण?

पोहण्याच्या टप्प्यावर प्रशिक्षित जीवरक्षक व होड्या असतात. धावणारा स्पर्धक अडखळला तर तो दोन पावलांत थांबू शकतो. सायकलचे तसे नाही. वेग अधिक, अंतर सर्वांत लांब आणि वाट मात्र तुमच्याआमच्या रोजच्या वापरातील रस्त्याची. तिला गल्ल्या येऊन मिळतात, तिच्या कडेला घरे, दुकाने, शाळा आणि चर्च असतात.

आपल्यापैकी अनेकांनी धर्मग्रामाच्या सणाच्या मिरवणुकीत दोरी धरून वाहतूक थोपविली असेल. तो अनुभव उपयोगी पडतो. परंतु मिरवणूक माणसाच्या चालीने पुढे सरकते, हे लक्षात ठेवावे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने येणारा सायकलस्वार एका सेकंदात १० मीटर पुढे येतो. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास वयस्क माणसाला सात सेकंद लागतात असे धरले, तर तेवढ्या अवधीत तो सायकलस्वार ७० मीटर अंतर कापतो. म्हणजे आजोबांनी पाऊल उचलले तेव्हा जो सायकलस्वार दूरच्या विजेच्या खांबापाशी ठिपक्यासारखा दिसत होता, तो आजोबा दुसऱ्या कडेला पोहोचेपर्यंत त्यांच्या अंगावर येऊ शकतो.

त्याला ब्रेक लावता येणार नाही का? येईल, परंतु लांब अंतराच्या स्पर्धेतील अनेक सायकलस्वार हँडलच्या पुढे बसविलेल्या दांड्यांवर कोपरे टेकवून वाकलेले असतात. वाऱ्याचा विरोध कमी व्हावा म्हणून ही बैठक घेतात. अशा वेळी हात ब्रेकवर नसतात. धोका ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला तरी १० मीटर संपले. नंतर कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. रस्ता ओला असेल किंवा वळणावर वाळू सांडलेली असेल, तर हे अंतर बरेच वाढते. पुढचा चौक मोकळा आहे असे गृहीत धरूनच तो येत असतो. हा विश्वास त्याने ज्याच्यावर टाकलेला असतो, त्या स्वयंसेवकाचे नावही त्याला ठाऊक नसते.

चौकातील पहारा

सायकलमार्गावरील सर्वाधिक स्वयंसेवक चौकांत, गल्ल्यांच्या तोंडाशी आणि वळणांवर नेमलेले असतात. आपली जागा मिळाल्यावर प्रथम दोन्ही बाजूंना चालत जाऊन पाहावे. सायकलस्वार किती दूरवरून दिसतो? गल्लीतून येणारे वाहन केव्हा दृष्टीस पडते? झुडूप, भिंत किंवा उभा टेम्पो दृष्टीच्या आड येतो का? रस्त्यावर खडी वा वाळू असल्यास स्पर्धेपूर्वीच खराट्याने दूर करावी. पाऊस पडून गेला असल्यास रस्त्यावरील रंगविलेले पट्टे आणि लोखंडी झाकणे निसरडी होतात. त्यांची कल्पना सायकलस्वारांना हाताच्या खुणेने द्यावी.

उभे राहताना तोंड सायकलस्वार येतात त्या दिशेला असावे. भ्रमणध्वनी खिशात ठेवावा. छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा. गल्लीकडे लक्ष ठेवण्यासाठी दुसरा स्वयंसेवक असणे इष्ट, कारण एका माणसास दोन दिशांना सारखे पाहता येत नाही. खुणा मोठ्या व स्पष्ट कराव्यात. वळण डावीकडे असेल तर पूर्ण हात लांबवून डावीकडे दाखवावे. शिट्टी जपून वापरावी. सतत वाजणाऱ्या शिट्टीकडे थोड्याच वेळात कुणी लक्ष देत नाही. ती खऱ्या धोक्यासाठी राखून ठेवावी.

वाहने अडविण्याचा कायदेशीर अधिकार पोलिसांना असतो, स्वयंसेवकाला नव्हे. एखादा वाहनचालक हट्टाला पेटला तर त्याच्या गाडीपुढे आडवे होऊ नये आणि त्याच्याशी वादही घालू नये. जवळच्या वाहतूक पोलिसास बोलवावे आणि तोवर येणाऱ्या सायकलस्वारांना सावध करावे. मोकाट कुत्रे वा गाईगुरे मार्गाजवळ दिसल्यास दगड मारून पळवू नये. बिथरलेले जनावर नेमके रस्त्यावरच धावते. त्यांना हळूहळू, सायकलस्वार नसतील अशा वेळी, बाजूला न्यावे.

पाण्याची बाटली देण्याची रीत

मार्गावर ठराविक अंतरांवर पाणीकेंद्रे असतात. धावत्या सायकलवरच्या माणसाला बाटली देणे हे दिसते तितके सोपे नाही. स्वयंसेवकांनी एकमेकांत पुरेसे अंतर ठेवून रांगेत उभे राहावे. कुणाजवळ पाणी आहे आणि कुणाजवळ क्षारयुक्त पेय आहे हे ठरलेले असावे आणि त्याचा मोठ्याने पुकारा करावा. बाटली मुठीत आवळून धरू नये. बोटांच्या टोकांनी हलकेच पेलून हात खांद्याच्या उंचीवर लांब करावा, म्हणजे सायकलस्वाराला ती सहज ओढून घेता येते. ज्याला ती हवी आहे त्याच्या नजरेला नजर मिळवावी आणि तो जवळ येताच त्याच्याच दिशेने चार पावले धावावे. दोघांच्या वेगांतील फरक जेवढा कमी, तेवढा हाताला बसणारा हिसका कमी. बाटली निसटली तर ती उचलण्यासाठी झेप घेऊ नये. मागून येणारा दुसरा सायकलस्वार अगदी जवळ असू शकतो.

रिकाम्या बाटल्या टाकण्यासाठी पाणीकेंद्राजवळ जागा आखून दिलेली असते. तिच्याबाहेर कचरा टाकणाऱ्या स्पर्धकास दंड होतो. रस्त्यावर घरंगळणारी बाटली पुढच्या चाकाखाली आली तर सायकलस्वार कोसळू शकतो. तेव्हा बाटल्या वेचताना एकाने येणाऱ्या सायकलींकडे पाहावे आणि दुसऱ्याने वेचावे. स्पर्धा संपल्यावर त्या भागात एकही बाटली वा वेष्टन राहू नये. दुसऱ्या दिवशी तो रस्ता तेथील रहिवाशांचाच असतो.

मदत कोठवर करावी?

स्वयंसेवकाला स्पर्धेचे मुख्य नियम ठाऊक असावेत. सायकल हाती घेण्यापूर्वीच हेल्मेटचा पट्टा बांधलेला असला पाहिजे आणि सायकल पुन्हा स्टँडवर लावेपर्यंत तो सोडता येत नाही. आपल्याकडे डाव्या बाजूने चालावयाचे आणि उजवीकडून पुढे जावयाचे. पुढच्या सायकलस्वाराच्या अगदी मागे राहिल्यास वाऱ्याचा विरोध कमी होऊन श्रम वाचतात. हौशी स्पर्धकांना सामान्यतः याची परवानगी नसते. आयर्नमॅन मालिकेत त्यांच्यासाठी हे अंतर १२ मीटरचे ठरविलेले आहे. मात्र दंड करणे हे मोटारसायकलवरून फिरणाऱ्या अधिकृत पंचांचे काम आहे. स्वयंसेवकाने कुणावर ओरडू नये. गंभीर प्रकार दिसल्यास छातीवरचा किंवा सायकलवरचा क्रमांक नोंदवून ठेवावा आणि प्रमुखास कळवावे.

चढावर दमलेल्या सायकलस्वारास मागून ढकलण्याची इच्छा अनेकांना होते. ती सद्भावना असली तरी त्यामुळे त्यालाच दंड होऊ शकतो. चाक पंक्चर झाल्यास ते त्याने स्वतःच दुरुस्त करावे अशी अपेक्षा असते. आपण त्याला रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे राहण्यास सांगावे आणि आयोजकांची तांत्रिक मदत उपलब्ध असल्यास तिला कळवावे. धीराचे दोन शब्द बोलण्यास मात्र कोणताही नियम आड येत नाही.

कुणी पडल्यास

येथेच स्वयंसेवकाची खरी कसोटी लागते. कुणी पडला की सर्वांनी त्याच्याकडे धावत जाणे ही आपली स्वाभाविक प्रवृत्ती असते. सायकलमार्गावर मात्र पहिले काम मागून येणाऱ्यांना थोपविण्याचे आहे. दोघे असल्यास एकाने लगेच येणाऱ्या सायकलींच्या दिशेने धावत जावे आणि झेंडा वा दोन्ही हात हलवून त्यांचा वेग कमी करावा. अन्यथा एका अपघाताचे तीन अपघात होतात.

दुसऱ्याने जखमीजवळ जावे. मान वा पाठ दुखावली असण्याची शंका असल्यास त्याला हलवू नये, उठवून बसवू नये आणि त्याचे हेल्मेट काढू नये. तो श्वास घेत नसेल तर मात्र क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय पथकास कळवावे आणि प्रशिक्षण घेतलेल्याने छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. कळविताना चार गोष्टी सांगाव्यात : नेमके ठिकाण, स्पर्धकाचा क्रमांक, तो शुद्धीवर आहे काय, आणि रक्तस्राव होत आहे काय. “लवकर या, कुणीतरी पडले आहे,” एवढ्यावरून रुग्णवाहिकेस वाट सापडत नाही. म्हणून आपण उभे आहोत त्या जागेचे नाव किंवा किलोमीटरचा आकडा सकाळीच पाठ करून ठेवावा. पडलेला स्पर्धक बहुधा “मला काही झाले नाही” असे म्हणत पुन्हा सायकलवर चढू पाहतो. डोक्याला मार लागला असल्यास त्याला थांबवून ठेवावे. पुढे जावे की नाही हा निर्णय डॉक्टरांचा.

उन्हाचाही विचार हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर उष्म्याबरोबर दमटपणा असतो, घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. सायकल नागमोडी जाऊ लागणे, असंबद्ध बोलणे, विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देता येणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा व्यक्तीस सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि डॉक्टरांना बोलवावे. केवळ साधे पाणी अतिप्रमाणात पाजणेही घातक असते, कारण त्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. हे सर्व स्वयंसेवकालाही लागू आहे. पाच-सहा तास उन्हात उभे राहणाऱ्याने टोपी, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ जवळ ठेवलाच पाहिजे.

थांबलेल्या शेजाऱ्याचा मान

रस्ता बंद झाल्यामुळे ज्यांची गैरसोय होते, त्यांनी या स्पर्धेत नाव नोंदविलेले नसते. त्यांतील कुणी मासळीची टोपली घेऊन बाजाराला निघालेली असते, कुणी रात्रपाळी संपवून घरी परतत असतो. या स्पर्धा बहुधा रविवारी सकाळी असतात आणि रविवारी सकाळी आपले भाविक मिस्सेला निघालेले असतात. त्यांच्याशी हुकमी आवाजात बोलण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. “मावशी, दोन मिनिटे थांबा, हे चार जण गेले की मी स्वतः तुम्हांला पलीकडे नेतो,” असे म्हटल्यास बहुतेक माणसे समजून घेतात. मग ते वचन पाळावे. दोन सायकलस्वारांमध्ये पुरेसे अंतर पडताच त्यांना हात धरून पलीकडे पोहोचवावे. कडेला उभ्या असलेल्या स्त्रीचा वेळ स्पर्धकाच्या वेळेपेक्षा कमी मोलाचा नाही.

रुग्णवाहिका आली, घरातून प्रसूतीसाठी कुणाला नेत असले किंवा अग्निशमन दलाची गाडी आली, तर स्पर्धा थांबते. त्या वेळी सायकलस्वारांना थोपवून वाट मोकळी करून द्यावी. यात शंका किंवा चर्चा यांस स्थान नाही.

आयोजकांनी रस्ते बंद होण्याच्या वेळा काही दिवस आधी वाडीवाडीत, चर्च, मंदिर व मशिदीत कळविल्यास निम्मी भांडणे होतच नाहीत. धर्मग्रामातील कार्यकर्ते हे काम उत्तम करू शकतात. स्वतः स्वयंसेवक होणाऱ्यांनी आपल्या मिस्सेची सोय आधीच पाहावी. कॅनन लॉच्या १२४८ व्या कलमानुसार शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेत सहभागी झाल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. ज्यांना ते शक्य नसेल त्यांनी रविवारच्या संध्याकाळच्या मिस्सेस जावे.

शेवटचा सायकलस्वार

९० किलोमीटरचे अंतर ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारा अडीच तासांत कापतो. ताशी साडेबावीस किलोमीटरने जाणाऱ्यास चार तास लागतात. आघाडीचे स्पर्धक जाताना कडेला टाळ्या असतात, कॅमेरे असतात, स्वयंसेवकांचा उत्साहही ओसंडत असतो. तासाभराने ऊन चढते, प्रेक्षक घरी जातात, दोन सायकलस्वारांमध्ये पाच-पाच मिनिटांचे अंतर पडते. वाहनचालकांना वाटते की स्पर्धा संपली. स्वयंसेवकालाही वाटते की आता कुणी यावयाचे उरले नाही. सर्वांत धोक्याचा काळ हाच. मागे राहिलेला स्पर्धक थकलेला असतो, त्याची नजर आणि निर्णय मंदावलेले असतात. नेमक्या त्याच वेळी त्याच्या चौकातील पहारा उठलेला असतो.

म्हणून या सेवेचा एकच नियम सांगावयाचा झाला तर आम्ही हा सांगू : शेवटच्या स्पर्धकामागून येणारे आयोजकांचे वाहन आपल्यापुढून जाईपर्यंत, किंवा प्रमुखाकडून स्पष्ट निरोप मिळेपर्यंत, आपली जागा सोडू नये. नैसर्गिक विधीसाठी जावे लागले तरी बदली माणूस उभा करून जावे. पहिल्याला सुरक्षित वाट मिळाली आणि शेवटच्याला मिळाली नाही, तर आपण अर्धेच काम केले असे होते. शेवटी येणाऱ्यांत साठी उलटलेले गृहस्थ असतात, आजारातून उठलेली स्त्री असते, आयुष्यात प्रथमच एवढे अंतर कापणारा तरुण असतो. वेळेची मर्यादा संपत आलेली असताना त्यांना चौकात उभा असलेला एक माणूस दिसणे, याचे मोल त्यांनाच ठाऊक.

ज्यांना ही सेवा करावयाची आहे त्यांनी स्पर्धेच्या काही आठवडे आधी आयोजकांकडे नाव नोंदवावे आणि माहितीसभेस अवश्य उपस्थित राहावे. प्रथमोपचाराचे लहानसे प्रशिक्षण घेतले तर उत्तमच; ते घरी, शाळेत आणि रस्त्यावर जन्मभर उपयोगी पडते. युवक मंडळांनी गटाने एखाद्या चौकाची वा पाणीकेंद्राची जबाबदारी घेतल्यास काम अधिक नेटके होते, कारण एकमेकांना ओळखणारी माणसे एकमेकांच्या खुणा लवकर समजतात.

या कामाला पदक नसते. दुपारी घरी परतताना पाय दुखतात, चेहरा उन्हाने रापलेला असतो, आणि दिवसभरात आपल्या चौकात काहीही घडले नाही एवढेच सांगण्यासारखे असते. सायकलमार्गावरील स्वयंसेवकाचे यश ते हेच. सायकलस्वार पुढे गेले, मावशी बाजारात पोहोचल्या, आजोबा मिस्सेहून घरी आले, आणि त्यांच्यापैकी कुणालाही काही झाले नाही.